नवरा संपावर आहे, घरातले नाहीत

पत्र (थोडक्यात) : माझे मिस्टर चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं कायम कामगार आहेत. पगारवाढीचा करार रखडला म्हणून युनियनने नोटीस दिली आणि ४ ऑगस्टपासून संप सुरू झाला. सातवा आठवडा चालू आहे. कंपनीने जुलैचा पगारही अडकवून ठेवलाय. मुलगा सातवीत, खासगी शाळेत आहे. फी भरा नाहीतर दाखला घेऊन जा, असा निरोप आलाय. मुलगी साडेतीन वर्षांची. सासूबाई गावाहून आमच्याकडेच राहायला आल्यात, त्यांना शुगर आहे. माझं फायनान्सचं गटकर्ज आहे, हप्त्याचा माणूस रात्री आठ-आठ वाजता दारात येऊन बसतो. लाडकी बहीणचे दीड हजार आणि माझं शिवणकाम यावर घर ओढतेय. संपावर गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार काही देतं का? शेजारी म्हणतात, चौकशीला गेलीस तर आहे तेही बंद होईल. मिस्टर म्हणतात, उपाशी राहू पण सरकारच्या दारात हात पसरायचा नाही.
– एक भगिनी, चाकण

ताई,

आधी सरळ उत्तर देते. संपकऱ्याच्या कुटुंबाला महिन्याकाठी अमुक रुपये, अशी कुठलीही योजना महाराष्ट्रात नाही. केंद्राचीही नाही. पश्चिम बंगालमध्ये १९९८ पासून बंद पडलेल्या आणि टाळेबंदीतल्या कारखान्यांच्या कामगारांना दरमहा थोडी मदत देणारी योजना आहे, पण तीही संपासाठी नाही. तेव्हा कुणी 'संपग्रस्तांचा फॉर्म भरून देतो, पाचशे रुपये दे' म्हणत आलं तर दारातूनच परत पाठवा.

पण तुमच्या पत्रातला खरा घोर वेगळा आहे. शेजारी म्हणतात तसं 'आहे तेही बंद होईल' का? नाही होणार. संपावर तुमचे मिस्टर आहेत. तुम्ही, मुलं आणि सासूबाई संपावर नाहीत. तुम्हा चौघांना जे मिळतं किंवा मिळायला हवं, त्यातलं बहुतेक त्यांच्या हजेरीवर अवलंबून नाही. लाडकी बहीणचे दीड हजार तुमच्या नावावर, तुमच्या खात्यात येतात. अट घराच्या वर्षाच्या उत्पन्नाची आहे, अडीच लाखांच्या आतली. संपाने उत्पन्न घटतं, वाढत नाही. सासूबाईंना निराधारचा पगार चालू असेल तर तो त्यांचा आहे, मुलगा गेटवर बसला म्हणून थांबत नाही.

रेशनचं नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त अफवा तिथेच आहेत. तुमचं कार्ड केशरी आणि त्यावर धान्य मिळत नसणार, असं मी धरून चालते. प्राधान्य यादीत यायला शहरी भागात वर्षाला ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ही उत्पन्नाची मर्यादा आहे. कायम कामगाराचं घर त्यात बसत नाही आणि हिशेब वर्षाचा असल्याने दोन महिन्यांच्या संपाने बसणारही नाही. खोटा दाखला काढून देणारे एजंट भेटतील, त्या वाटेला जाऊ नका. सासूबाईंचं गावाकडे स्वतःचं प्राधान्य किंवा अंत्योदयचं कार्ड असेल तर मात्र त्यांचं धान्य आणायला गावी जायची गरज नाही. अंगठा लावून ते चाकणच्या दुकानातूनही उचलता येतं. प्राधान्यच्या कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदयच्या कार्डावर घराला पस्तीस किलो, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. त्यांची ई-केवायसी झाली आहे का, एवढं दुकानदाराला विचारा. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लावलंय. म्हणजे कायद्याच्या लेखी या धान्याचा मान बाईकडे आहे.

मुलीला उद्याच अंगणवाडीत घेऊन जा. तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाप कामावर आहे का हेही कुणी विचारू शकत नाही. सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलासाठी अंगणवाडी खुली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात हे स्पष्ट करून ठेवलंय. तुमची मुलगी तीन वर्षं ओलांडलेली, म्हणजे तिला तिथे रोज गरम आहार मिळायला हवा. 'आमची मुलगी काय अंगणवाडीत जाणार' असं अनेक कामगारांच्या घरात म्हणतात, हे मला माहीत आहे. तिला तिथे सोबत मिळेल, जेवण मिळेल आणि तुम्हाला मशीनवर बसायला सकाळचे तीन-चार तास मोकळे मिळतील. संप मिटल्यावरही पाठवत राहिलात तर मला आनंदच वाटेल.

शाळेची धमकी पोकळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. फी थकली म्हणूनही नाही. फी मात्र माफ होत नाही, ती द्यायचीच आहे, हेही लक्षात असू द्या. तोंडी भांडायला जाऊ नका. कागदावर चारच ओळी लिहा : 'माझे पती ४ ऑगस्टपासून संपावर असल्याने घरात पगार आलेला नाही. या सत्राची फी संप मिटल्यानंतर तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी. तोपर्यंत मुलाला वर्गात व परीक्षेला बसू द्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ कडे आपले लक्ष वेधते.' दोन प्रती काढा आणि एकीवर शाळेचा शिक्का व तारीख घेऊन ती घरी ठेवा. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मुलगा सातवीत आहे, मध्येच शाळा बदलायची घाई मी करणार नाही. पुढे वेळ आलीच, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षाच्या मधेही प्रवेश मिळतो, तिथे फी नाही आणि आठवीपर्यंत दुपारचं जेवण आहे. ते पक्कं आहे म्हणून आजची झोप उडवून घेऊ नका.

आता दवाखाना. इथे मिस्टरांच्या हजेरीचा संबंध येतो, म्हणून थोडी आकडेमोड करू. ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, वर्ष दोन सहामाह्यांत मोजतात : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एका सहामाहीत निदान ७८ पगारी दिवस भरले की पुढच्या लाभाच्या सहामाहीत आजारपणाचा भत्ता आणि दवाखाना पक्का. एप्रिल ते सप्टेंबरमधल्या दिवसांचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चमधल्यांचा जुलै ते डिसेंबरमध्ये. संप सुरू झाला ४ ऑगस्टला. एप्रिल, मे, जून आणि जुलै हे चार महिने ते कामावर होते, म्हणजे बिनपगारी रजा फार नसतील तर ७८ केव्हाच पार झालेत. तेव्हा येत्या जून अखेरपर्यंत सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या, मुलांचा ताप, काही मोठं निघालं तर चिंचवडचं मोहननगरचं रुग्णालय, हे सगळं चालू राहील. फक्त सासूबाईंचं नाव कुटुंबात चढवलेलं आहे का ते तपासा. मुलावर अवलंबून असलेले आईवडील त्यात बसतात, पण नाव नोंदवलं नसेल तर खिडकीवरूनच परत पाठवतात. संपाच्या धावपळीत हे काम राहून जातं आणि मग औषधांचे पैसे खिशातून जातात.

पुढच्या सहामाहीचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा : १३ जानेवारी. तोवर संप मिटून ते कामावर गेले आणि पुढे खाडा झाला नाही, तर ३१ मार्चपर्यंत बरोबर ७८ दिवस भरतात. त्यापुढे लांबलं तर पुढच्या जुलैपासूनचा लाभ हातचा जाऊ शकतो. ही तारीख युनियनच्या लोकांनाही सांगा, वाटाघाटींच्या टेबलावर ती कामाची आहे.

मिस्टर स्वतः या काळात आजारी पडले तर उपचार होतील, पण संपाच्या दिवसांचा आजारपणाचा भत्ता ईएसआयच्या नियमांप्रमाणे मिळत नाही. रुग्णालयात दाखल करावं लागलं तर मात्र त्याला अपवाद आहे. म्हणून अंगावर काढू नका. ईएसआयच्या बाहेर उपचार घ्यायची पाळी आली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आता केशरी आणि पांढऱ्या कार्डालाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत.

पीएफला लगेच हात लावू नका. शिवाय तिथे संपाबद्दल एक अडचण आहेच. पीएफच्या योजनेत कारखाना पंधरा दिवसांहून जास्त बंद पडला किंवा दोन महिने पगार झाला नाही तर उचल मिळायची सोय होती, पण त्याच वाक्यात 'संपाखेरीज अन्य कारणाने' असं लिहिलेलं आहे. मालकाने टाळं लावलं तर पैसे, कामगाराने काम थांबवलं तर नाहीत. घरातल्या कुणाच्या आजारपणासाठी मागितलेल्या रकमेला मात्र संप आड येत नाही. १३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम बरेच सोपे करायचं ठरवलं, तेव्हा अर्ज करायच्या आधी पीएफ कार्यालयात एकदा विचारून घ्या. मुळात हा पैसा म्हातारपणाचा आहे, फीसाठी किंवा गटाच्या हप्त्यासाठी तो मोडू नये असं मला वाटतं.

जुलैचा पगार हा मात्र वेगळाच विषय, आणि त्याबद्दल मला राग येतो. जुलैत त्यांनी काम केलं. केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो, संप असो वा नसो. नोटीस न देता, सबळ कारण नसताना दहा किंवा जास्त कामगारांनी एकदम काम सोडलं तर मालक जास्तीत जास्त आठ दिवसांचा पगार कापू शकतो, एवढीच मुभा कायद्यात आहे. तुमच्या युनियनने नोटीस दिलेली आहे, ती चौदा दिवस आधी दिली असेल तर ही कपातही बसत नाही. सबंध महिना अडकवणं तर कशातच बसत नाही. मिस्टरांकडून दोन कागदांच्या झेरॉक्स मागून घ्या : संपाच्या नोटिशीची पोच, आणि कामगार अधिकाऱ्यांपुढे झालेल्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त. पुण्याच्या कामगार आयुक्तालयात जुलैच्या पगारासाठी अर्ज करायला हे लागतील. संपाच्या दिवसांच्या पगाराची आशा आत्ता धरू नका. संप कायदेशीर आणि योग्य कारणासाठी असा दोन्ही ठरला तरच तो मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सिंडिकेट बँकेच्या खटल्यात म्हटलंय. तो निर्णय व्हायला वर्षं जातात.

वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न मनात आला असेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो आणि कुठल्याही स्त्रीलाही मिळतो. दोघांनाही उत्पन्नाची अट नाही. राजगुरुनगरच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे. साधा अर्ज, आधार, बस. फोनवर विचारायचं तर १५१०० हा नंबर फुकट आहे. तुम्ही दोघं वेगवेगळे अर्ज करू शकता, त्यांचा पगारासाठी आणि तुमचा त्या हप्त्याच्या माणसाबद्दल.

तो माणूस रात्री आठला येऊन बसतो, हे चालत नाही. अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला गाठायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. धाकदपटशा, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं, हेही त्यात मना आहे. पुढच्या वेळी आला की दार पूर्ण उघडा, शेजारच्या दोघींना बोलवा आणि त्यालाच त्याचं नाव, कंपनीच्या शाखेचं नाव आणि आत्ता किती वाजलेत हे एका वहीत लिहायला सांगा. बहुतेक जण पेन हातात घेण्याऐवजी निघून जातात. त्याच वेळी शाखेला लेखी कळवा की तीन महिने हप्ता कमी करून हवा आहे. गटातल्या बायांनाही खरं सांगा, म्हणजे त्यांच्यावर अचानक बोजा पडणार नाही आणि त्या तुमच्या बाजूने बोलतील.

एवढं व्यवहाराचं झालं. आता मिस्टरांचं म्हणणं, की हात पसरायचा नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण इथे ते चुकतायत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची जुनी पगाराची स्लिप काढून दोघं मिळून वाचा. ईएसआयचे पाऊण टक्का त्यांच्या पगारातून दर महिन्याला गेलेत, सव्वातीन टक्के कंपनीने भरलेत. जून आणि डिसेंबरच्या स्लिपमध्ये कामगार कल्याण निधीची छोटी कपात दिसेल. ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाला जाते आणि त्या मंडळाकडून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि पुस्तकांसाठी मदत मिळते. अकरा वर्षं भरलेत ना पैसे? कामगार कल्याण केंद्रात जाऊन मुलाच्या नावाने विचारणं म्हणजे भीक मागणं कसं होईल?

हा प्रश्न जुना आहे, ताई. १८९८ साली ब्रिटनमधल्या वेल्सच्या कोळसा खाणीतले कामगार महिनोन्महिने कामाबाहेर होते. मर्थर टिडफिल गावच्या गरिबांसाठीच्या मंडळाने त्यांच्या घरांना मदत केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९०० साली निकाल लागला : धडधाकट पुरुषाला काम मिळत असूनही तो करत नसेल तर त्याला मदत देता येणार नाही, पण त्याच्या बायकोमुलांना उपाशी ठेवता येणार नाही. पुरुषावर तो निकाल कडकच होता. तरी निदान चुलीपाशी बसलेल्यांना त्याने संपापासून वेगळं केलं. पुढे त्याच देशाने हात आखडता घेतला. १९८० च्या कायद्याने, युनियन संपकऱ्याला पैसे देतेच असं गृहीत धरून तेवढी रक्कम कुटुंबाच्या सरकारी मदतीतून कापायला सुरुवात झाली. १९८४ मध्ये खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला तेव्हा ही कपात आठवड्याला १५ पौंडांची होती, आणि युनियन तर त्यांना एवढे पैसे देतच नव्हती. गावोगावच्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं काढून ते वर्ष निभावलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ साली, संपकऱ्याच्या घराला त्या कारणाने धान्याची वाढीव कुपनं नाकारणं योग्य ठरवलं. त्याच देशात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत मात्र ठरावीक मुदतीनंतर संपकऱ्याला बेकारी भत्ताही मिळतो.

'करदात्यांच्या पैशावर संप कशाला पोसायचा?' असं विचारणारी माणसं आपल्याकडेही भरपूर आहेत. त्यांना मी विचारेन, की मग तो मिटवायचा कुणी, पोरांच्या भुकेने? मालकाकडे तीन महिन्यांचा दम असतो, कामगाराकडे तीन आठवड्यांचा. अशा वेळी सरकार नुसतं बघत बसलं तर आपोआप एका बाजूचं होतं. संपाचा निकाल करारातल्या मुद्द्यांवर लागावा. मुलाची फी आणि सासूबाईंची गोळी यांवर तो लागू नये. म्हणून संपाच्या काळात निदान धान्य आणि शाळा सरकारने सांभाळावी, असं मला मनापासून वाटतं. तशी तरतूद आज नाही. ती मागायला हवी आणि ती मागणी तुमच्यासारख्या बायांनी केली तर तिला वजन येईल.

गिरणगाव आपण पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तेव्हा घरं तगली ती गावाकडून आलेल्या तांदळावर, वाण्याच्या उधारीवर आणि बायकांनी चालवलेल्या खानावळींवर. त्या बायकांच्या कष्टांचा हिशेब कुणी ठेवला नाही. तुमच्या कंपनीतल्या संपकऱ्यांच्या बायका एकमेकींना भेटतात का? भेटत नसाल तर या रविवारी भेटा. एका शाळेत पंधरा जणींनी मिळून तो चार ओळींचा अर्ज दिला तर मुख्याध्यापक वेगळं बोलतील. युनियनच्या संप निधीतून रोख वाटण्याऐवजी घाऊक बाजारातून तेल, डाळ, पीठ एकत्र आणलं तर तेवढ्याच पैशांत जास्त घरं भागतात. हा निर्णय मंडपात बसलेल्या पुरुषांना सुचेलच असं नाही.

मिस्टरांशी बोलताना आकडे पुढे ठेवा, त्यांच्या स्वाभिमानाला धक्का लावू नका. सात आठवडे गेटवर बसणं सोपं नसतं. घरी आल्यावर आपण काही आणलं नाही हे त्यांना तुमच्याआधी जाणवत असणार. सासूबाईंचं नाव चढवायचं ईएसआयचं काम त्यांच्याकडेच द्या, ते त्यांनाच करता येण्यासारखं आहे. शाळा, अंगणवाडी आणि राजगुरुनगर तुम्ही बघा.

कामगार अधिकाऱ्यांपुढची पुढची तारीख कळली की मला त्या दोन झेरॉक्ससह लिहा. जुलैच्या पगाराच्या अर्जाचा मसुदा मी त्याआधी तुमच्या हातात पडेल असा पाठवते.